चाकांचं फिरतं खुराडं: चार कोंबड्यांसाठी बिनधास्त घ्या, आठ कोंबड्यांसाठी नको

लाकडी फ्रेम, खाली तळ नाही, मागे दोन चाकं, पुढे उचलायला दोन हँडल, असं जे फिरतं खुराडं किटमधे मिळतं ते वापरतोय, आता ऊन पाऊस थंडी सगळं बघून झालंय म्हणून सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण या साईजची बहुतेक किटं थोड्याफार फरकाने सारखीच येतात, आणि चांगलं काय वाईट काय तेही जवळपास सारखंच निघतं.

आधी माप. जाळीचा भाग ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब, त्याच्याच एका टोकाला वरती ३ बाय २ फुटांची झोपायची पेटी, आणि पेटीला चिकटून अंडी घालायचे दोन खोके ज्यांचं झाकण बाहेरून उघडतं. किटवर लिहिलंय "६ ते ८ कोंबड्या". हे अजिबात पटण्यासारखं नाही. रात्री बसायला प्रत्येक कोंबडीला दांडीवर निदान ८ ते १० इंच जागा लागते, पेटीतली दांडी आहे ३६ इंच, म्हणजे हिशोब सरळ आहे, चार कोंबड्या. आठ कोंबल्या तर त्या एकमेकींना टोचणार, पिसं उपटणार, खालच्या मानाची कोंबडी रात्रभर जमिनीवर बसणार आणि सकाळी शीटेने माखलेली असणार. दिवसाची जागा पण तशीच, १८ चौरस फूट म्हणजे चारजणींना प्रत्येकी साडेचार. कायम एकाच जागी असलेल्या खुराड्याला साधारण ८ ते १० चौरस फूट मोकळी जागा धरतात, त्या मानाने हे कमीच आहे, पण रोज जागा बदलते म्हणून चालून जातं. रोज हलवणार नसाल तर हे घेऊच नका, दुसरं मोठं बांधून घ्या.

आता हे का आवडलं ते सांगतो, कारण माझ्या मते या वस्तूची किंमत अंड्यात नाही, वाफ्यात वसूल होते. माझे भाजीचे वाफे ३ फूट रुंदीचे आहेत आणि खुराडं बरोबर त्या रुंदीचं आहे त्यामुळे ते वाफ्यावर चपखल बसतं, चाकं दोन्ही बाजूच्या वाटेवर चालतात. पीक निघालं की वेल, खुंट, राहिलेलं तण सगळं तसंच ठेवायचं आणि खुराडं वर आणून उभं करायचं. कोंबड्या काय करतात ते एकदा जवळ बसून बघण्यासारखं आहे, एक पाय मागे, दुसरा पाय मागे, मग दोन पावलं मागे सरकून मान वाकडी करून एका डोळ्याने उकरलेल्या मातीकडे बघायचं, आणि हुमणीची पांढरी अळी दिसली की जिच्या चोचीत ती आली ती पळत सुटते आणि बाकी तिघी मागे. दोनतीन दिवसांत वरची दोनतीन इंच माती भुसभुशीत, तणाचं बी वेचलेलं, गोगलगायी आणि त्यांची अंडी साफ. मधे एक पोतं वाळलेला पाला टाकला की तो पण बारीक करून मातीत कालवून देतात. कुदळीचं काम अर्ध्यावर येतं, खरंच. मात्र त्याच वाफ्यावर जास्त दिवस ठेवलं तर गांडुळं पण खाऊन टाकतात आणि माती तुडवून घट्ट होते, विशेषतः पाऊस झाल्यावर, म्हणून माती उघडी दिसायला लागली की हलवायचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण जाहिरातीत ती कुठेच नसते. ताजं कोंबडखत भयंकर तेज असतं, नत्र भरपूर, त्यावर लगेच रोप लावलं तर मुळं करपतात. आणि दुसरं म्हणजे साल्मोनेला, ई. कोलाय वगैरे जंतू. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं खत मातीत मिसळल्यापासून, ज्या पिकाचा खायचा भाग मातीला टेकतो त्याच्या काढणीपर्यंत १२० दिवस आणि ज्याचा टेकत नाही त्याला ९० दिवस अंतर ठेवायचं असतं, मी तेच धरून चालतो. म्हणजे खुराडं ज्या वाफ्यावरून गेलं तिथे पालेभाजी, मुळा, गाजर लगेच नाही. तिथे मका किंवा मांडवावर चढवायचे वेल लावतो, तेही थोडे दिवस माती मुरू देऊन, आणि पहिली तोडणी ९० दिवसांच्या पुढे जाईल असं बघून. पालेभाजीच्या वाफ्यांना फक्त कुजलेलं कंपोस्ट.

कंपोस्टचा माल पेटीखालच्या ट्रेमधून येतो. एक कोंबडी दिवसाला ढोबळमानाने १०० ते १२० ग्रॅम शीट टाकते आणि त्यातला बराच वाटा रात्री दांडीखाली पडतो. या किटमधे तो ट्रे बाजूने ड्रॉवरसारखा बाहेर ओढता येतो, पत्र्याचा आहे, खरवडायला सोपा. तळाला लाकडाचा भुसा पसरायचा, एक दिवसाआड ढिगात रिकामा करायचा, आणि ढिगात सुका पाला भरपूर मिसळायचा, कार्बन आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास आलं की ढीग ५५ ते ६५ अंशापर्यंत तापतो आणि वास येत नाही. अमोनियाचा वास आला म्हणजे पाला कमी पडला, इतकं सोपं आहे. ट्रेची ही सोय या किटमधली सगळ्यात चांगली गोष्ट, पैकीच्या पैकी मार्क.

जाळीला मात्र शून्य. षटकोनी भोकांची ती पातळ कोंबडी जाळी लावलीय, ती कोंबडीला आत ठेवते पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. बोटाने दाबली तर वाकते, आणि लाकडाला नुसत्या स्टेपलच्या पिना मारल्यात. कुत्रा पंज्याने ओढून काढेल, मुंगूस आणि उंदीर भोकातून किंवा फटीतून येतील. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि स्क्रू व वॉशर लावून बसवा. मी पहिल्याच दिवशी बदलली. दाराची कडी पण नुसती फिरवायची लाकडी खिट्टी आहे, तिच्या जागी दुहेरी हालचाल लागेल अशी कडी किंवा स्प्रिंगचा हुक लावा. राहिला तळ. तळ उघडा असल्यामुळे जमीन उंचसखल असेल तिथे फट राहते, म्हणून चारी बाजूंनी फूटभर रुंदीची जाळी बाहेर जमिनीवर आडवी पसरतो, खणणारा प्राणी भिंतीच्या अगदी कडेला खणायला लागतो आणि जाळी आड येते. शिवाय अंधार पडला की पेटीचं दार बंद, यात हयगय नाही.

आतल्या रचनेत एक चूक कारखान्यातच झालीय. दांडी आणि अंड्यांचे खोके एकाच उंचीवर. कोंबडीला रात्री सगळ्यात उंच जागा हवी असते, दोन्ही सारखे असले की काही जणी खोक्यातच झोपतात आणि सकाळची अंडी शीटेत. दांडीखाली दोन ठोकळे ठेवून ती सहा इंच वर घेतली की प्रश्न मिटला. दांडी स्वतः गोल आणि बारीक आहे, तीही बदलून दोन इंच रुंदीची चपटी पट्टी कडा घासून लावा, त्यावर कोंबडी पाय सपाट टेकून बसते आणि पोटाची पिसं बोटांवर येतात. खोके मात्र मस्त आहेत, १२ इंच रुंद, अंधारे, चारजणींना एक पण पुरतो. झाकणाच्या बिजागरीतून पावसाचं पाणी झिरपतं, वरून रबराची पट्टी ठोका.

हवा खेळण्यासाठी वर फक्त दोन छोटी गोल भोकं दिलीत. कोंबडीला घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून ती अंगातली उष्णता घालवते, तिशीच्या पुढे पारा गेला की पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी टाकते, अशा वेळी बंद पेटीत तिचे हाल होतात. छपराखाली दोन्ही बाजूंना, कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, लांब चिरा पाडून त्यावर तीच वेल्डेड जाळी मारा. छपराला काळं डांबरी फेल्ट आहे, ते तर काढूनच टाका. उन्हात तापतं ते वेगळंच, पण फेल्ट आणि लाकडाच्या मधे तांबड्या माइटना राहायला आयती जागा मिळते. हे किडे दिवसा फटीत बसतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात, आणि कोंबड्या नसल्या तरी कित्येक महिने उपाशी तग धरतात. तपासायची पद्धत सोपी, सकाळी दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवायचा, लाल डाग उमटले की समजायचं. लाकडी खुराड्यात जितके सांधे तितक्या फटी, त्यामुळे हे काम दर आठवड्याला करावं लागतं, प्लास्टिकच्या खुराड्यात हा त्रास बराच कमी असतो हे मान्य करायला हवं.

सोबत आलेलं खाण्याचं आणि पाण्याचं भांडं छोटं आहे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि पाणी त्याच्या दुप्पट, उन्हाळ्यात अजून जास्त, मोठी भांडी वेगळी घ्यावी लागतात.

काही लोकांनी अशा खुराड्याला एक स्टार दिलाय, कारण काय तर "यात ठेवल्यावर अंडी बंद झाली". अहो दिवस लहान झाले की किंवा पिसं झडायला लागली की अंडी बंद होणारच, कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, खुडूक बसली असेल तर तोवर अंडं नाहीच. खुराड्याचा दोष खुराड्याला द्या, ऋतूचा नको.

हलवण्याबद्दल. कोरडं असताना एक माणूस आरामात हलवतो, पावसात लाकूड पाणी पिऊन जड होतं तेव्हा दोघं लागतात. सकाळी खाद्य पुढच्या टोकाला दाखवायचं, कोंबड्या पुढे आल्या की हळूहळू, हातभर हातभर ढकलायचं, झटका दिला तर मागच्या फ्रेमखाली पाय सापडतो. दोनचार दिवसांत त्यांना सवय होते, हँडल उचललं की आपोआप पुढे चालतात. चाकं प्लास्टिकची आणि लहान आहेत, ओल्या मातीत रुततात, हवा भरायची मोठी चाकं बसवली तर फार फरक पडतो, पण अ‍ॅक्सलचा दांडा किती जाडीचा आहे ते मोजूनच आणा, आणि भारी अंगाच्या जातीच्या कोंबड्या असतील तर पेटीचं दार पण मोजून घ्या, माझ्याकडची सर्वात मोठी कोंबडी त्यातून अंग चोरूनच आत जाते.