क्रुसेडर किंग्ज ३ : मुलूख जिंकणं सोपं, भाऊबंदकी निस्तरणं अवघड (आणि आपलं दख्खन अर्धंच)

पहिलंच सांगून टाकतो, लढायांचा गेम समजून घेणार असाल तर नका घेऊ, पैसे फुकट जातील. लढाया आहेत, पण त्या म्हणजे नकाशावर दोन बाहुले समोरासमोर येतात, तलवारी हलवतात आणि खाली आकडे उतरत जातात, बस्स. खरा गेम लग्नं, पोरं, वाटण्या, रुसवेफुगवे, विषप्रयोग आणि कोणाचं कोणतं गुपित आपल्या हातात आहे याचा आहे. ज्याच्या घरी शेतजमिनीची केस चालू आहे त्याला ट्युटोरियल लागणारच नाही.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅराडॉक्स कंपनीचा स्ट्रॅटेजी गेम, २०२० चा, त्यानंतर एक्स्पान्शन्स (म्हणजे मूळ गेमला जोडायच्या, वेगळ्या विकत घ्यायच्या पुरवण्या) येतच राहिली आहेत. सुरुवात ८६७ किंवा १०६६ पासून करता येते, आता ११७८ पण आहे, आणि गेम संपतो १४५३ ला, म्हणजे ज्या वर्षी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं त्या वर्षी. आणि तुम्ही राज्य खेळत नाही, घराणं खेळता. राजा मेला की तुम्ही त्याचा वारस, आणि तो वारस मंदबुद्धी, भित्रा, दारुडा कसाही असो, आता तो तुम्हीच. मध्ययुगीन सत्ता म्हणजे काय हे समजावायला याहून चांगली युक्ती मला तरी माहीत नाही, कारण तेव्हा सरकार म्हणून वेगळं ऑफिस नव्हतंच, जे काय होतं ते त्या माणसासोबत घोड्यावरून फिरायचं.

ट्युटोरियलमध्ये तुम्हाला आयर्लंडमध्ये मन्स्टरचा राजा मुर्चाद देतात. नवे सगळे तिथूनच सुरू करतात आणि सगळ्यांचं एकच होतं. आजूबाजूचे दोनचार छोटे मुलूख गिळता, छाती फुगते, अर्धं बेट आपलं झालं म्हणून खुर्चीत मागे रेलता आणि मग म्हातारा मरतो. तीन मुलगे. वारसा कायदा वाटणीचा. थोरल्याच्या, म्हणजे आता तुमच्या, हातात उरतात थोडेसे किल्ले आणि कालपर्यंत जेवायला शेजारी बसणारा धाकटा भाऊ आज तुमच्यावर हक्क सांगत सैन्य गोळा करतोय. लोक ऑनलाइन बोंबलतात की हे अन्यायकारक आहे, बग आहे. अरे बग नाही बाबा तो, तोच इतिहास आहे! फ्रँक सम्राट शार्लमेननं कमावलेलं एवढं प्रचंड साम्राज्य नातवांनी आपसात लढून ८४३ ला व्हर्दँच्या तहात तिघांत वाटून घेतलं, आणि ती वाटणी कोणाला विचित्र पण वाटली नाही कारण राज्य ही वडिलोपार्जित मिळकतच होती.

मग यातून सुटायचं कसं? गेममध्ये मार्ग आहेत, एखाद्या मुलाला मठात साधू करून पाठवा, घराण्याची इभ्रत खर्चून बेदखल करा, नाहीतर (मी असं केलेलं नाही, असं समजा) जिन्यावरून ढकला. कायदा बदलून सगळं थोरल्याला द्यायचं तर शतकं थांबावं लागतं. फ्रान्सच्या कॅपेशियन राजांनी काय केलं ते बघा, ह्यू कॅपे ९८७ ला निवडून राजा झाला आणि त्याच वर्षी त्यानं पोराचा पण राज्याभिषेक उरकून घेतला, म्हणजे बाप मेल्यावर निवडणुकीचा प्रश्नच नको. पुढचे राजे पण हेच करत राहिले, ते थेट फिलिप ऑगस्टसपर्यंत, त्याला ११८० नंतर वाटलं की आता घराणं एवढं पक्कं झालंय की गरज नाही. आणि १३१६ पर्यंत बापाकडून मुलाकडे गादी तुटलीच नाही. पराक्रम वगैरे ठीक आहे, पण दर पिढीला मुलगा होणं आणि तो जगणं हे त्यांचं खरं भांडवल, आणि गेममध्ये हे तुम्हाला पहिल्या शंभर वर्षांतच कळतं.

सरदार सांभाळायचा भाग तर भारीच. तुमच्या कुवतीप्रमाणे ठरावीक मुलूखच स्वतःकडे ठेवता येतो, त्याच्यावर गेलात की वसुली घसरते, म्हणून बाकीचा वाटावाच लागतो. आणि ज्याला वाटून दिला तो प्रत्येक माणूस उद्याचा बंडखोर. प्रत्येकाशी वेगळा करार, कोण किती कर देणार, किती माणसं पाठवणार, त्याला दरबारात जागा हवी का. एकालाच सलग मोठा प्रदेश दिलात की गेलात. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं १०६६ ला इंग्लंड जिंकल्यावर आपल्या नॉर्मन लोकांना बरेचदा इथे चार गावं तिथे सहा गावं अशी विखुरलेली जमीन मिळाली (ते मुद्दाम की जसजसं जप्त होत गेलं तसं, यावर इतिहासकार भांडतात), फक्त वेल्सच्या सीमेवर वगैरे सलग प्रदेश दिले कारण तिथे कोणीतरी दणकट माणूस लागणारच होता. मी हे गेममध्ये जसंच्या तसं करून पाहिलं आणि चाललं की राव.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी थाप या गेममध्ये कुठली असेल तर ती म्हणजे वर कोपऱ्यात दिसणारा उत्पन्नाचा आकडा. दर महिन्याला किती सोनं येणार, दशांशासकट! कुठल्या सरदाराकडे किती सैन्य, तो तुमच्यावर किती नाराज, का नाराज, सगळं माऊस नेला की समोर. खऱ्या राजाला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याच विल्यमला राज्य जिंकून वीस वर्षं झाल्यावर माणसं पाठवून गावोगाव विचारावं लागलं की इथे जमीन कोणाची, नांगर किती, गिरण्या किती, आणि त्यातून १०८६ चं डूम्सडे बुक झालं. तिथला एक इतिवृत्तकार वैतागून लिहून गेलाय की एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीतून सुटलं नाही. त्याच वर्षी सॉल्सबरीला बोलावून जमीनदारांकडून थेट राजाशी निष्ठेची शपथ घेतली, मधला धनी कोणीही असो. म्हणजे माहिती मिळवणं हीच एक मोहीम होती. आपल्याकडे पण बघा, कोरीव लेखांत मुलखाच्या नावालाच आकडा चिकटलेला असतो, कोकण १४००, कऱ्हाड ४०००, इतक्या गावांचा म्हणून. तो आकडा खरा किती आणि परंपरेचा किती हा भाग वेगळा, पण राज्य मोजायची धडपड दिसते ना. गेमनं ही धडपडच फुकटात देऊन टाकलीय.

रोड्स टू पॉवर हे एक्स्पान्शन मात्र घ्याच, एकच घ्यायचं असेल तरी हेच. यात बायझंटिन साम्राज्य (म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल) वेगळ्या पद्धतीनं चालतं. प्रांताचा सुभेदार मेला की मुलगा आपोआप बसत नाही, उमेदवार असतात, राजधानीत वजन लागतं, त्यासाठी इन्फ्लुअन्स नावाचं वेगळं चलन आहे. तुमच्या घराण्याचा वाडा आणि मालमत्ता तुमचीच राहते पण हुद्दा सरकारी, आज आहे उद्या नाही. ११७८ ला सुरू केलंत तर सम्राट मॅन्युएल कोम्नेनोस, दोनच वर्षांपूर्वी मिरियोकेफालोनच्या लढाईत सेल्जुक तुर्कांकडून मार खाल्लेला, आणि खऱ्या इतिहासात ११८० ला मेला तेव्हा मागे अकरा वर्षांचा पोरगा. पुढे काका-पुतण्यांनी जो गोंधळ घातला त्याचा शेवट १२०४ ला क्रुसेडर्सनी शहर लुटण्यात झाला. इथे गेम खेळताना घाम फुटतो, कारण सगळी सत्ता एका शहरात, एका राजवाड्यात अडकलेली आहे आणि तो राजवाडा सोडून सरहद्दीवर गेलात की मागे कोण काय शिजवतंय कळत नाही. याच एक्स्पान्शनमध्ये जमीन नसलेला भटका माणूस म्हणून पण खेळता येतं, ते पण मस्त आहे, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता आपल्या मुलखाकडे येतो, कारण मराठी माणूस नकाशा उघडला की आधी तिकडेच झूम करतो. ८६७ ला मान्यखेटला अमोघवर्ष राष्ट्रकूट म्हातारा होऊन बसलाय. मान्यखेट म्हणजे आताचं मालखेड, गुलबर्ग्याजवळ. नकाशावर महाराष्ट्र नावाचं राज्य आहे, त्याच्यावर दख्खनचं साम्राज्य आहे, बघून बरं वाटतं. आणि अमोघवर्षाची गोष्ट तर या गेमसाठीच घडल्यासारखी आहे, ८१४ ला पोरवयात गादीवर आला, सामंतांनी बंड केलं, गादी सोडून पळावं लागलं, आणि गुजरात शाखेच्या कर्क नावाच्या भाऊबंदानं ८२१ च्या आसपास त्याला परत बसवलं. पुढे त्याच गुजरात शाखेशी वर्षानुवर्षं भांडण! राजा अल्पवयीन, कारभारी नातेवाईक, मग त्याच नातेवाइकाची पोरं डोईजड, हे सगळं गेममध्ये जमतं, रीजंट, म्हणजे राजाच्या वतीनं राज्य चालवणारा कारभारी, ठेवायची सोय पण नंतरच्या एका एक्स्पान्शनसोबत आलीय. इथवर पैकीच्या पैकी.

गंडतं पुढे. दख्खनचा राजा गेममध्ये फ्रेंच राजासारखाच चालतो, फक्त कपडे आणि नावं वेगळी. किल्ला बांधा, कर घ्या, शिबंदी बोलवा. पण इथली सत्ता ज्यावर उभी होती ते जमिनीचं दान कुठंय? ताम्रपट कुठंय? राजा गावं देऊळ-मठांना, ब्राह्मणांना तोडून द्यायचा, वसुलीवर पाणी सोडायचा आणि बदल्यात त्या मुलखात आपलं नाव घेणारी, लिहिता-वाचता येणारी माणसं कायमची बसवायचा. गेममध्ये पैसा वर चढतो, खाली सोडून दिलेला पैसा सत्ता वाढवतो हे गणितच त्यात बसवलेलं नाही. आणि ते दान पुढच्या राजानं मोडू नये म्हणून शिलाहार राजांच्या कोकणात काय केलंय ते बघितलंय का कधी? गद्धेगाळ. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे हे असेतोवर दान टिकावं, मध्ये लेख, आणि खाली गाढव आणि बाई, म्हणजे दान मोडणाऱ्याच्या आईवरून जी शिवी आपण अजून देतो तीच, दगडात कोरून, गावच्या वेशीवर. ना गावात पोलीस, ना कोर्ट, तर ज्याला वाचता येत नाही त्याला पण कळेल असा हा दम. मला गेममध्ये गद्धेगाळ बसवायचं बटण पाहिजे, कोणीतरी मॉड (खेळाडूंनीच गेममध्ये केलेला बदल) बनवा, खरंच.

दुसरं उदाहरण देतो म्हणजे नुसती कुरकुर वाटणार नाही. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला ९२६ चा ताम्रपट सापडलाय, इंद्र तिसरा राष्ट्रकूटच्या काळातला. त्यात संयान, म्हणजे संजाण प्रांताचा अधिकारी आहे मधुमति, हा म्हणजे मुहम्मद, ताजिक म्हणजे अरब मंडळींपैकी, आणि त्याला नेमलं होतं आधीच्या कृष्णराजानं. यानं आजूबाजूच्या बंदरांचे प्रमुख राष्ट्रकूटांच्या वतीनं वठणीवर आणले, नदीवर फुकट नावा सुरू केल्या, अन्नछत्र घातलं, आणि हा ताम्रपट ज्या मठिकेच्या, म्हणजे छोट्या मठाच्या, दानाचा आहे त्याला मान्यता पण त्याचीच. राष्ट्रकूटांचा हिशोब साधा असणार, बंदर व्यापाऱ्यांचं, व्यापार अरबांचा, तर बंदर त्यांच्यातल्याच माणसाला सोपवा. गेममध्ये असा अधिकारी ठेवून बघा, धर्म वेगळा म्हणून त्याचं तुमच्याबद्दलचं मत लगेच मायनसमध्ये आणि थोड्या वर्षांत तो बंडाच्या गटात. धर्म म्हणजे मायनस हे सूत्र युरोपातल्या क्रुसेडला चालेल, दहाव्या शतकातल्या संजाणला नाही चालत.

आणि एक बारीक गोष्ट. ९७३ ला तैलप चालुक्यानं राष्ट्रकूट संपवले, त्यानंतर वीसपंचवीस वर्षांनी ९९७ चा शिलाहार अपराजिताचा ताम्रपट आहे, भिवंडीजवळ भादाणेचा, त्यात हा पठ्ठ्या आधी बुडालेल्या राष्ट्रकूटांची वंशावळ गातो, ते गेले म्हणून हळहळतो, आणि नव्या चालुक्याचं नाव पण घेत नाही. जुन्या धन्याची आठवण काढत स्वतःचं स्वातंत्र्य हळूच मिरवणं, किती धूर्त! गेममध्ये साम्राज्य बुडालं की सामंत त्या क्षणी मोकळे, मेलेल्या धन्याच्या नावाला पुढे काही किंमत नाही.

बाकी तांत्रिक. गेमिंग लॅपटॉप असेल तर उत्तम, साध्यावर पण चालतो पण उशिराच्या काळात पात्रं हजारोंनी होतात आणि घड्याळ रांगायला लागतं. संगीत छान. लिखाण इंग्रजीत आणि भरपूर आहे, वाचायचा कंटाळा असेल तर अवघड जाईल. सगळी एक्स्पान्शन्स एकदम घेऊ नका, बेरीज बघून डोळे पांढरे होतात, मूळ गेम स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये घ्या, मन्स्टरमध्ये दोन पिढ्या काढा, आवडला तर रोड्स टू पॉवर. आणि आयर्नमॅन मोड लावूनच खेळा, त्यात मागचं सेव्ह लोड करता येत नाही, नाहीतर प्रत्येक वाटणीच्या आधी सेव्ह करत बसाल.

पाचपैकी चार देतो. नुसतं दख्खनच खेळायचं असेल तर अडीच.