मद्रास कॅफे परत बघितला आणि ऑफिसातलं आवक-जावक रजिस्टर आठवलं

शनिवारी रात्री 'मद्रास कॅफे' परत बघितला. परत म्हणजे खरं सांगायचं तर पहिल्यांदाच नीट बघितला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये हा आला तेव्हा आम्ही घोडबंदर रोडला असे अडकलो की विचारू नका, नवरा म्हणतोय सर्व्हिस रोडने घ्या, रिक्षावाला म्हणतोय तिकडं पण जामच आहे, आणि आत जाऊन बसलो तोवर पहिली पंधरा मिनिटं गेलेली. या पिक्चरची पहिली पंधरा मिनिटं गेली की संपलंच. जॉन अब्राहम मधूनच दाढी वाढवून चर्चमध्ये बसलेला दिसायचा आणि मधूनच श्रीलंकेतल्या जाफनात, यातलं आधीचं कुठलं नंतरचं कुठलं काही टोटल लागेना. इंटरव्हलला नवरा समोसे घेऊन आला आणि म्हणाला, डॉक्युमेंट्री आहे का गं ही? मी पण हो म्हटलं. तेव्हा घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले होते की बोअर आहे, जाऊ नका. तर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी माफ करा, चूक माझी होती.

यावेळी वर्तकनगरला घरीच, ओटीटीवर, जेवणं उरकून साडेनऊला लावला. समोरच्या दारातले काका पण आले होते. काका आर्मीतून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, आणि श्रीलंकेत भारताने पाठवलेल्या शांतिसेनेत जाऊन आलेले. दहा वर्षं शेजारी आहोत पण त्या विषयावर काका दोन वाक्यांच्या वर कधी बोललेले नाहीत. मीच बेल वाजवून म्हटलं, काका, श्रीलंकेवरचा पिक्चर लावतेय, येता का? म्हणाले, नाचगाणी हायत का? म्हटलं नाहीत. मग येतो म्हणाले, आणि स्वतःची खुर्ची घेऊन आले, सोफ्यावर त्यांची कंबर दुखते.

तर गोष्ट अशी. विक्रम सिंग म्हणजे जॉन, आर्मीतला माणूस, रॉ म्हणजे आपली परदेशात हेरगिरी करणारी संस्था त्याला जाफनात पाठवते. तिथं निवडणुका शांतपणे व्हाव्यात म्हणून पडद्यामागून जे काय करायचं ते करायला. समोर अण्णा भास्करन आणि त्याची एलटीएफ. खरी नावं पिक्चरमध्ये कुठंच घेत नाहीत पण श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांची एलटीटीई, त्यांचा म्होरक्या प्रभाकरन, सगळं कळतं, लहान पोरगं पण सांगेल. अण्णाच्या विरोधात दुसऱ्या एका गटाला उभं करायचा डाव आखतात आणि तो डाव आतूनच कोणीतरी फोडतो. बायको जाते, मोहीम जाते, आणि शेवटी वायरलेसवर पकडलेल्या काही संदेशांवरून कळायला लागतं की एका माजी पंतप्रधानाला मारायचा कट शिजतोय. पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीतच आहे. राजीव गांधींची हत्या, २१ मे १९९१, तमिळनाडूतलं श्रीपेरुंबुदूर, रात्री दहा वाजून गेलेले.

म्हणजे शेवट आधीच माहीत असलेला पिक्चर. आणि तरी शेवटचा अर्धा तास मी उशी छातीशी धरून बसले होते. हे कसं काय केलं ह्याचा दोन दिवस विचार करतेय.

मला वाटतं दिग्दर्शक शुजित सरकारला एक गोष्ट बरोबर कळलीय, की हेरगिरी म्हणजे शेवटी ऑफिस आहे. मी पंचवीस वर्षं कारकुनी करतेय म्हणून मला तसं दिसलं असेल, पण बघा तुम्ही. हल्लीचा पिक्चरमधला हेर हेलिकॉप्टरला लटकतो, पहाटे पाचला पण त्याचे केस सेट असतात, आणि त्याला पगार कुठल्या हेडखाली निघतो हा प्रश्न आपल्याला पडत पण नाही. इथं विक्रम जाफनात पोचतो तर तिथलं रॉचं ऑफिस म्हणजे फायली, पंखे, आणि 'आमच्या इथं असंच चालतं' असं चेहऱ्यावर लिहिलेला सिनियर, बाला. हा बाला प्रकाश बेलवाडींनी केलाय, बंगळूरचे नाटकवाले, आणि काय केलाय! नव्या माणसाला चहा पाजत पाजत त्याचा कागद खाली दाबून ठेवणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्याकडे पण आहे.

आणि सस्पेन्स कशात आहे तर संदेश आला, पण वाचणारा कोण? आकड्यांचा कोड फुटला, पण सांगायचं कोणाला? सांगितलं, पण वरच्याने त्याच्या वरच्याला कधी सांगितलं? अक्षरशः आवक-जावक. मी बघताना तेच करत होते, हा कागद आत्ता ह्या टेबलावर आहे, आता त्या टेबलावर गेला, अरे आता तिथं का थांबला! आमच्या ऑफिसात एकदा लाल शिक्क्याचं 'तातडीचे' पत्र सव्वा महिना कपाटावर पडून होतं, कारण ते नक्की कुठल्या शाखेचं हेच ठरेना. कोणी मुद्दाम नाही केलं. शोधलं तेव्हा त्यावर तीन जणांचे शेरे होते आणि तिन्हीत 'पुढील कार्यवाहीस्तव' लिहिलेलं. आमच्या पत्राने कोणाचा जीव गेला नाही, पाण्याच्या बिलाचं होतं. पण पिक्चरमध्ये विक्रम शेवटी पळत सुटतो ना, तेव्हा मला ते पत्रच डोळ्यासमोर आलं, हसू नका.

आणि हे पिक्चरपुरतं नाहीये. नंतर मी वाचत बसले रात्री एकपर्यंत. राजीव गांधींना पंतप्रधान असताना एसपीजीचं, म्हणजे पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठीच्या खास दलाचं, कडं होतं, पण १९८८ चा जो एसपीजी कायदा होता त्यात फक्त पदावरचे पंतप्रधान आणि त्यांचं कुटुंब एवढंच. १९८९ च्या डिसेंबरात ते पदावरून गेले आणि मग ते कडंही गेलं. नियमात बसत नव्हतं. माजी पंतप्रधानांना घेण्यासाठी कायदा बदलला तो १९९१ मध्येच, ते गेल्यावर. कारकुनाला विचारा, ही वाक्यं वाचून पोटात काय होतं ते. पिक्चर हे भाषण देऊन सांगत नाही, पण शेवटच्या भागात सगळ्यांच्या चेहऱ्यावर ती 'आपल्या हातात नाही' वाली हतबलता दिसत राहते.

चेहऱ्यांवरून आठवलं, कास्टिंग भारी आहे. रॉचा चीफ म्हणजे सिद्धार्थ बसू, आपले क्विझवाले. कॅबिनेट सेक्रेटरी म्हणजे पियुष पांडे, फेविकॉलच्या जाहिरातींवाले, मिशांसकट. बँकॉकमधला तो जुना माहितीवाला म्हणजे टीव्हीवरचे पत्रकार दिबांग. म्हणजे नट घ्यायचेच नाहीत असं ठरवल्यासारखं, आणि त्यामुळे ती माणसं खरोखर दिल्लीतली साहेबलोक वाटतात, कमी बोलणारी, चष्मा पुसणारी. जॉनला अभिनय येत नाही हे मी पण म्हणत आलेय, पण इथं त्याला फार काही करायलाच दिलेलं नाही, थकलेलं दिसायचं आणि ऐकायचं, ते त्याला जमलंय.

आता काका. पहिला तासभर काहीच बोलले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. माझ्या मनात आलं आपण चूक केली बोलावून. मग एका सीनला गाड्या जंगलातल्या रस्त्यावरून चाललेल्या, साधाच सीन, काही झालं पण नव्हतं अजून, आणि काकांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले. मी बघितलं त्यांच्याकडं. म्हणाले, "मोरी आली की असं व्हायचं. रस्त्याखालच्या मोरीतच सुरुंग ठेवायचे ते. अजून गावाला जाताना एसटी मोरीवरनं गेली की पाय वर घेतो मी, बायको हसती." एवढंच. मी टीव्ही पॉज केला तर म्हणाले, लाव लाव, थांबवू नको.

इंटरव्हल घरी आपणच घ्यायचा असतो, तेव्हा चहा करताना त्यांनी आपणहून एक नाव घेतलं, मेजर रामास्वामी परमेश्वरन. मला माहीत नव्हतं, लाज वाटली, कारण माणूस आपल्या मुंबईत जन्मलेला आणि सैन्यातल्या ८ महार बटालियनचा. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत शहीद झाले, छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची बंदूक हिसकावून त्यालाच मारलं. शांतिसेनेतलं एकमेव परमवीर चक्र. काका म्हणाले, "पिक्चरात नाही घेतलं न्हाय?" नाही घेतलं. पिक्चर रॉचा आहे, सैनिकाचा नाही, आणि इथं मला थोडं खटकलं. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारापासून मार्च १९९० पर्यंत आपले जवळपास बाराशे जवान तिथं मारले गेले, पिक्चरमध्ये ते दोन-चार मिनिटांत निवेदनात उरकलंय. मान्य आहे, सगळं कुठं बसवणार १३० मिनिटांत. पण ज्या लोकांना तो काळ आठवत नाही त्यांना वाटणार शांतिसेना म्हणजे बॅकग्राउंडला चाललेले ट्रक.

निवेदनाचाच विषय निघाला तर, तो आवाज फार मध्ये मध्ये येतो. पहिल्या अर्ध्या तासात तर नावं, गट, तारखा, शहरं असं धडाधड अंगावर येतं की मी घरी होते म्हणून दोनदा मागं घेतलं, थिएटरात काय करणार? नर्गिस फाखरी परदेशी पत्रकार आहे, ती सगळं इंग्रजीत बोलते आणि जॉन तिला हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही काही वाटत नाही! सुरुवातीला विचित्र वाटतं, मग म्हटलं आपल्या ट्रेनमध्ये पण असंच चालतं, ठाण्याहून दादरपर्यंत चार भाषांत एकच भांडण. बायकोच्या रोलमध्ये राशी खन्ना, तिचा हा पहिला पिक्चर, बिचारीला काळजी करायला आणि मरायलाच घेतलंय. हेराच्या पिक्चरमध्ये बायको एवढ्यासाठीच का असते हे कोणीतरी सांगा मला.

आवाजाला मात्र पैकीच्या पैकी. राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय ध्वनीला, निहार रंजन सामल आणि बिश्वदीप चॅटर्जी, आणि ते ऐकायचं असेल तर एक काम करा, पंखा बंद करा. मी केला. वायरलेसची खरखर, मग ती थांबते, मग लांब कुठंतरी पक्षी, आणि तुम्हाला कळतं आता काहीतरी होणार. स्फोटाच्या आवाजापेक्षा त्याच्या आधीची शांतता जास्त घाबरवते. शंतनू मोइत्राचं संगीत पण तसंच, कुठं रडा असं सांगत नाही.

गंमत बघा, आधी या पिक्चरचं नाव 'जाफना' ठेवलेलं, मग बदलून 'मद्रास कॅफे' केलं, आणि ज्या राज्याच्या राजधानीचं जुनं नाव पाटीवर आहे त्या तमिळनाडूतच विरोधामुळे तो थिएटरांत लागला नाही. मला वाटतं पिक्चर कोणाच्या बाजूने फार उभा राहत नाही, आपल्या सरकारची चूक पण दाखवतो, म्हणजे ज्यांना आपणच आधी ट्रेनिंग दिलं तेच उलटले हे आडून आडून का होईना सांगतो. पण तिथल्या साध्या तमिळ माणसाचं काय झालं हे मात्र सुरुवातीच्या काही फ्रेममध्ये दिसतं आणि मग पिक्चर त्यांना विसरूनच जातो. त्या लोकांना राग आला असेल तर मला त्यात नवल वाटत नाही.

ज्यांना बघायचाय त्यांनी सबटायटल लावा, पहिली पंधरा मिनिटं मोबाईल लांब ठेवा, आणि पोरांना घेऊन बसणार असाल तर आधी दहा मिनिटं त्यांना सांगा की श्रीलंकेत काय चाललं होतं, नाहीतर माझ्या नवऱ्यासारखं होईल. तो यावेळी पण अर्ध्यात झोपला, सोफ्यावर, तोंड उघडं टाकून, स्फोटाला जागा झाला आणि म्हणाला सिलेंडर का?

माझे पाचपैकी चार. अर्धा निवेदनाचा कापला आणि अर्धा राशी खन्नाच्या रोलचा. काका खुर्ची उचलून निघाले तेव्हा त्यांना पण विचारलं, तुम्ही किती देणार? दारात थांबून जरा विचार केला आणि म्हणाले, "पिक्चरला दे तू काय द्यायचे ते. त्या बालाला मी दोन देणार, कानाखाली."