165×35 काढून 150×30 बसवला: ट्रायल्स सायकलच्या स्टेमचा काही महिन्यांचा अनुभव

सायकल 26 इंची, ट्रायल्सची (पाय जमिनीला न टेकवता अडथळ्यांवर उड्या मारत चढण्याचा खेळ), सीट नसलेली. माझी उंची 170 सेंटिमीटर. आधी सायकलवर 165 मिमी लांब आणि 35 अंश उठावाचा स्टेम (हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा दांडा) होता. आता काही महिने 150 मिमी, 30 अंशाचा वापरतोय. फोर्ज केलेल्या ॲल्युमिनियमचा आहे, पुढे चार बोल्टची फेसप्लेट (हँडल दाबून धरणारी पुढची पट्टी) आणि हँडल धरणारा 31.8 मिमीचा क्लॅम्प. कंपनी कुठली हे इथे गौण आहे. त्याच मापाचा, बऱ्या बनावटीचा दुसरा कुठलाही स्टेम असता तरी खाली लिहिलेलं बहुतेक सगळं तसंच घडलं असतं.

पहिल्यांदा आकड्यांबद्दल, कारण खरेदी करताना सगळ्यांची फसगत तिथेच होते. 165 वरून 150 वर आलो म्हटल्यावर सोबत सायकल चालवणाऱ्यांची प्रतिक्रिया एकच: "म्हणजे हँडल जवळ आलं असेल." एक मिलिमीटरही जवळ आलेलं नाही. स्टेमवर छापलेला अंश जमिनीपासून मोजलेला नसतो. तो स्टिअररच्या, म्हणजे फोर्कच्या वर येणाऱ्या नळीला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजतात, आणि ती नळी मुळात मागे कललेली असते. हेड अँगल, म्हणजे त्या नळीचा जमिनीशी कोन, 73 असेल तर शून्य अंशाचा स्टेमसुद्धा जमिनीच्या हिशेबाने 17 अंश वर बघतो. म्हणजे 35 चा स्टेम प्रत्यक्षात 52 अंशांवर उभा असतो आणि 30 चा 47 वर. आता शाळेतलं साइन-कोसाइन काढा. 165×35 हँडलला 102 मिमी पुढे आणि 130 मिमी वर नेतो. 150×30 सुद्धा 102 मिमीच पुढे नेतो, पण वर फक्त 110. हात तेवढेच लांब राहिले, हँडल मात्र दोन सेंटिमीटर खाली उतरलं. मला नेमकं हेच हवं होतं.

याउलट कुणी 150×35 घेतला तर पुढची पोहोच 92 वर येते आणि उंची 118 वर, म्हणजे हँडल जवळही येतं आणि खालीही. दोन्हींवर 150 छापलेलं असतं, अंशांत फरक पाचाचा, आणि सायकल हातात अगदी वेगळी लागते. त्यामुळे "150 चा स्टेम कसा आहे?" या प्रश्नाला अंश कळल्याशिवाय उत्तर नाही, आणि फ्रेमचा हेड अँगल कळल्याशिवाय अर्धंच उत्तर.

एवढ्यासाठी स्टेम कशाला, स्पेसर (स्टेमखाली स्टिअररवर घातलेल्या कड्या) काढून का भागवलं नाही? माझ्या सायकलवर खाली काढण्यासारखे स्पेसर शिल्लकच नव्हते. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पहिल्यांदा तेच करून बघावं, फुकटात होतं. फक्त एक ध्यानात असू द्या: स्टिअरर कललेला असल्यामुळे 10 मिमीचा स्पेसर खालून काढून वर टाकला की हँडल साधारण साडेनऊ मिमी खाली येतं आणि तीन मिमी पुढे सरकतं. स्पेसर स्टेमच्या वर ठेवलेले दिसायला बेंगरूळ दिसतात. दिसू द्या. उंची पक्की होईपर्यंत स्टिअररला करवत लावायची नाही. कापलेली नळी परत वाढत नाही, आणि पुढचा स्टेम जाड क्लॅम्पचा निघाला तर त्याला पकडायला नळीच उरत नाही.

मोजण्याची माझी पद्धत अगदी घरगुती आहे. पुढचं चाक भिंतीला टेकवायचं, टायरमध्ये नेहमीची हवा, हँडल सरळ. भिंतीपासून मुठीच्या मध्यापर्यंत आडवं अंतर घ्यायचं, जमिनीपासून मुठीच्या मध्यापर्यंत उभं. मग जमिनीपासून बॉटम ब्रॅकेटच्या (बीबी, म्हणजे पेडलचे दांडे जिथे फिरतात तो आस) मध्यापर्यंतची उंची मोजून उभ्या आकड्यातून वजा करायची. कामाचा आकडा हा वजाबाकी केलेला. ट्रायल्समध्ये आपण सदैव पेडलवर उभे असतो, म्हणून आपल्या शरीराला हँडल किती उंच वाटतं ते बीबीवरून ठरतं, जमिनीवरून नाही. जुन्या फ्रेम्सचा बीबी खाली असायचा. नंतरच्या फ्रेम्समध्ये तो चाकांच्या आसांच्या रेषेच्या चांगलाच वर गेला, पाय वर गेले, म्हणून हँडलही वर न्यावं लागलं. एवढे लांब आणि एवढे ताठ स्टेम दुसऱ्या कुठल्या सायकलवर दिसत नाहीत त्याचं कारण हेच. दुसऱ्याच्या सायकलवरचा स्टेम आवडला म्हणून त्याच मापाचा आणलात आणि त्याच्या फ्रेमचा बीबी तुमच्यापेक्षा दोन सेंटिमीटर वर असेल, तर सगळी बेरीज चुकते.

आता चालवण्याबद्दल.

पहिले काही आठवडे खरं सांगायचं तर मागच्या चाकावरचं सगळंच बिघडलं होतं. बॅक व्हील हॉपमध्ये, म्हणजे मागच्या चाकावर उड्या मारताना, हात सरळ, कंबर मागे आणि हँडल ओढून धरलेलं असतं. उंच हँडल असताना मी जवळजवळ ताठ उभा राहायचो. आता तीच जागा धरायला कमरेतून जास्त वाकावं लागतं. तोल सांभाळायला ब्रेकवरचं बोट आणि गुडघे दोन्ही जास्त राबतात. सरावानंतर कमरेच्या खालच्या भागात दुखायचं. ते हळूहळू गेलं, पण पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. खूप वेळ एकाच जागी मागच्या चाकावर उड्या मारत राहिलो तर आजही जाणवतं. ज्यांची पाठ आधीच कुरकुरते आहे त्यांनी हँडल खाली आणण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पुढच्या चाकावरचा फरक पहिल्याच दिवशी कळला. अडथळ्याच्या कडेवर पुढचं चाक टेकवून मागचं वर खेचून घेणं, पुढच्या चाकावर वळणं, या सगळ्यात वजन पुढच्या आसाच्या वर न्यावं लागतं. उंच हँडल त्या वेळी छातीशी येऊन आडवं उभं राहायचं. खांदे पुढे जायला बघत आणि हँडल त्यांना मागे ढकले. आता खांदे मुठींच्या पुढे सहज जातात. कडेवर चाक टेकलं की मागचं चाक आपोआप हलकं होतं, ओढाओढ करावी लागत नाही. पुढच्या चाकावर डावीकडे वळणं मला आधी कधीच भरवशाने जमलं नव्हतं. आता जमतं, म्हणजे बहुतेक वेळा. उजवीकडे वळताना अजूनही पाय टेकतो, त्यात स्टेमचा काही दोष नाही.

साइड हॉपबद्दल, म्हणजे बाजूला उडी मारून अडथळ्यावर चढण्याबद्दल, मतं वेगवेगळी ऐकायला मिळतात, म्हणून माझं सांगतो. उडीच्या सर्वांत वरच्या क्षणी सायकल अंगाखाली गोळा करून घेताना हँडल मांड्यांच्या वरच्या भागात येऊन अडतं. जुन्या स्टेमला ते कमरेच्या पट्ट्याशी अडायचं. आता आणखी थोडी जागा मिळते, आणि तेवढ्याने उंच उडीत मागचं चाक कडेला घासून परत येण्याऐवजी कडेवर बसतं. पण ही जागा हात पूर्ण सरळ करून, मग गुडघे वर घेऊन मिळवायची असते. ती सवय नसेल तर हँडल खाली आणूनही उडीची उंची वाढणार नाही. उलट पहिली ओढ कमजोर पडते, कारण खालच्या हँडलवर मागे झुकून सायकल उचलायला जास्त जोर लागतो. पेडल किक (पेडलला एक झटका देऊन मारलेली उडी) मारून लांब गॅप (दोन अडथळ्यांमधली मोकळी जागा) घेताना ही कमजोरी मला सुरुवातीला फार जाणवायची.

ती बरीचशी भरून निघाली ते स्टेममुळे नाही, हँडल फिरवल्यामुळे. क्लॅम्पमध्ये हँडल किती अंश पुढे-मागे फिरवलं आहे याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. ट्रायल्सच्या हँडलला उठाव मोठा असतो. तो 100 मिमी धरा, हँडल सरळ उभं आहे असं समजा. ते 10 अंश मागे फिरवलं की मुठी सुमारे 17 मिमी मागे येतात. आपण 10-15 मिमीच्या फरकासाठी स्टेम बदलत बसतो, आणि तेवढा फरक चार बोल्ट सैल करून आणि परत आवळून मिळतो. मी हँडल थोडं पुढे फिरवलं, मुठी जराशा पुढे गेल्या, मागच्या चाकावर लटकायला हाताला पुन्हा लांबी मिळाली. फार पुढे फिरवलं तर हँडलचा मागचा वाक वरच्या बाजूला बघायला लागतो आणि मनगटं चमत्कारिक कोनात जातात. एका वेळी दोन-तीन अंशच फिरवा. क्लॅम्पवर खुणेच्या रेघा असतील तर उत्तम. नसतील तर हँडल आणि स्टेम दोन्हींवर मिळून एकच बारीक मार्करची रेघ मारून ठेवा.

आणि हँडल फिरवलं की ब्रेकच्या लिव्हरही फिरतात, हे विसरलात तर दोष विनाकारण स्टेमला जाईल. हँडल खाली आल्यावर हाताचा उतार बदलतो. लिव्हर जुन्याच कोनात राहिली तर बोट ताणून वर धरावं लागतं आणि मनगटाच्या मागे कळ येते. मागच्या चाकावर उभं राहून, हात सरळ ठेवून लिव्हरचा कोन जुळवा, जमिनीवर उभं राहून नको. माझ्याकडे मागे मागुराचा एचएस 33, तेलाच्या दाबावर चालणारा रिम ब्रेक आहे. त्याची नळी जुन्या उंचीसाठी कापलेली होती, त्यामुळे हँडल खाली आल्यावर ती उलट थोडी सैल झाली. जो खालून वर जाणार असेल त्याने आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी ताणत नाही ना ते बघावं. ताणली तर नळी बदलणं, तेल भरणं, हवा काढणं, सगळं ओघाने आलंच.

बनावटीबद्दल तक्रार एकच, पण खरी. सोबत आलेले बोल्ट मऊ होते. फेसप्लेटच्या एका बोल्टच्या डोक्यातला षटकोन थोड्याच उघडझापीनंतर गोल व्हायला लागला. चारही बोल्ट त्याच लांबीचे, चांगल्या प्रतीच्या स्टीलचे आणून बदलले, आट्यांना ग्रीस लावलं, तेव्हापासून त्रास नाही. टायटॅनियमचे बोल्ट दिसतात छान. मी लावणार नाही. काही ग्रॅम वाचवण्याची ही जागा नव्हे, कारण उंचावरून पुढच्या चाकावर उतरताना सगळा धक्का याच चार बोल्टवर येतो.

मध्यंतरी कुरकुर सुरू झाली होती. मागच्या चाकावर ओढलं की 'कट्' असा आवाज. पहिला संशय हेडसेटवर (स्टिअरर ज्यात फिरतो त्या बेअरिंगवर) जातो, माझाही गेला. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली, हेडसेटच्या सांध्यावर बोट ठेवलं, खेळ काहीच नव्हता. मग फेसप्लेट उघडली तर हँडल आणि क्लॅम्पच्या मध्ये बारीक काळी भुकटी साचलेली. दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसले, घर्षण वाढवणारी पेस्ट अगदी पातळ लावली, प्लेट परत बसवली. फटी वर आणि खाली सारख्या राहतील असं बघत, तिरक्या क्रमाने, थोडं थोडं करत चारही बोल्ट आवळले, शेवट टॉर्क रेंचने. माझ्या स्टेमवर 5 न्यूटन-मीटर छापलंय. तुमच्यावर जे छापलं असेल ते. आवाज बंद झाला आणि जोरात उतरल्यावर हँडल किंचित खाली फिरायचं तेही थांबलं. हँडल घसरतंय म्हणून बोल्ट आणखी पिळणारे बरेच बघितलेत. त्याने एकतर स्टेमचे आटे जातात नाहीतर हँडलवर खोल वळ उठतो, आणि पुढे नेमकं तिथूनच हँडल तुटतं.

वरच्या टोपीचा बोल्ट स्टेम धरून ठेवत नाही, तो फक्त हेडसेटचा खेळ काढतो. आधी तो, मग चाक आणि स्टेम एका रेषेत, मग बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने. माहीत असलेल्यांनी हे वाक्य सोडून द्यावं, पण उलट क्रमाने आवळणारे मला अजूनही भेटतात.

20 इंची मॉड (लहान चाकांची ट्रायल्स सायकल) चालवणाऱ्यांना माझे आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत. तिथे चाक लहान, बीबी आसांच्या रेषेपेक्षा बराच वर, म्हणून लांब आणि ताठ स्टेमच शोभतात. माझा जुना 165×35 तिथे बिनबोभाट चालेल. 24 इंची स्ट्रीट सायकलवर मागे-पुढे फिरणं, पुढचं चाक उचलून चालवणं जास्त असतं, म्हणून तिथले स्टेम कितीतरी आखूड. त्यावर 150 लावलात तर वळवताना कंटाळाल.

26 इंचीवर ज्याला मागच्या चाकावर अजून नीट उभं राहता येत नाही त्याने उंच स्टेमच ठेवावा, आधी ते शिकावं. ज्याचं मागचं चाक पक्कं आहे आणि पुढच्या चाकाशी भांडण चाललंय त्याने दोन सेंटिमीटर खाली येऊन बघावं, आणि निदान काही आठवडे तरी परत बदलू नये. पहिल्या आठवड्यात कुठलाही नवीन स्टेम वाईटच वाटतो.

जुना स्टेम विकलेला नाही. तो पुसून तपासायला घेतला तेव्हा स्टिअररच्या क्लॅम्पच्या फटीशी एक केसासारखी रेघ दिसली होती. नखाने घासून बघितलं तर ती रंगावरचीच निघाली, धातूत गेलेली नव्हती. ॲल्युमिनियमला स्टीलसारखी थकव्याची ठरावीक मर्यादा नसते. धक्के साठत जातात आणि एक दिवस धातू चिरतो. म्हणून नवा स्टेमही दर वेळी धुताना त्याच फटीशी आणि फेसप्लेटच्या बोल्टच्या मुळाशी बॅटरी मारून बघतो. अजून तरी स्वच्छ आहे.