तो फोटो आमच्या फर्नेसचा नव्हताच

आम्ही शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. जानेवारीतली रात्र, बाहेर उणे 5 फॅरनहाइट, घरात साताऱ्याहून आलेली आई, आणि थर्मोस्टॅटवर आकडा 61. बेसमेंटमध्ये जाऊन पाहिलं तर 1998 सालची आमची गॅस फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, भप्पकन पेटायची आणि तीन-चार सेकंदांत विझायची. असं तीनदा झालं की गप्प.

सकाळी 89 डॉलरच्या तपासणीची जाहिरात बघून टेक्निशियन बोलावला. लक्षण सांगितलं, तर त्याने विचारलं, "किती जुनी आहे?" बस्स, पुढे तो एवढंच धरून बसला. दहा मिनिटांत वर आला आणि मोबाइलवर फोटो दाखवला: गंजलेल्या नळीवर भेग. "हीट एक्स्चेंजर फुटलाय. कार्बन मोनॉक्साइड घरात येईल." (हीट एक्स्चेंजर म्हणजे आत जळलेले वायू कोंडून ठेवून बाहेरून घरातली हवा तापवणारा धातूचा भाग. कार्बन मोनॉक्साइड हा त्यातला विषारी वायू.) गॅसचा कॉक बंद करून त्याने 'धोकादायक, वापरू नका' अशी लाल चिठ्ठी लावली. नवी फर्नेस 8,400 डॉलर, आजच सही केली तर 900 सूट. वर आईकडे बघत म्हणाला, "अशी माणसं झोपेतच जातात हो." मी सही केली आणि क्रेडिट कार्डावर 1,500 डॉलर आगाऊ भरले. भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर रात्रभर शून्य दाखवत होता, पण तिकडे बघायचं मला सुचलंच नाही. आणि म्हणे मी इंजिनिअर!

मित्राने हट्टाने दुसरा, म्हातारा मेकॅनिक पाठवला. त्याने आधी बर्नर काढून आत कॅमेरा घातला. भेग कुठेच नव्हती. मग मी कागदपत्रांसोबत आलेला तो फोटो दाखवला, तर तो हसायलाच लागला. फोटोत वाकवलेल्या नळ्या होत्या. आमच्या फर्नेसचा एक्स्चेंजर दाबलेल्या पत्र्यांच्या चपट्या कप्प्यांचा आहे.

खरा बिघाड काय, तर फ्लेम सेन्सर. ज्वाळेत राहणारी पेन्सिलीहून बारीक सळई. ज्वाळेमार्फत तिच्यातून काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अगदी सूक्ष्म, वीजप्रवाह वाहतो, तो मिळाला तरच फर्नेसचा कंट्रोल बोर्ड गॅस चालू ठेवतो. सळईवर थर चढला की बोर्डाला वाटतं आग लागलीच नाही, आणि तो गॅस तोडतो. फर्नेसच्या दाराच्या आतल्या तक्त्यात बोर्डावरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थही हाच छापलेला होता. बारीक स्टील वूलने सळई घासली, घर तापलं.

कार्बन मोनॉक्साइडची भीती खोटी नाही. डिटेक्टर वाजला तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. पण कुणी भेग दाखवली, तर तुमच्या फर्नेसची मॉडेल पट्टी दिसेल असा फोटो तुमच्यासमोर काढायला सांगा. आणि दुसऱ्या मेकॅनिकला फर्नेस दाखवल्याशिवाय सही करू नका.

बँकेकडे तक्रार केल्यावर सात आठवड्यांनी 1,500 परत आले. ते 89 गेलेच. यंदा खंडेनवमीला वीज आणि गॅस बंद करून मी ती सळई स्वतः पुसली. आईने फोनवरून बजावल्यामुळे फर्नेसच्या दाराला हळदकुंकूही लावलं.