आरोग्य संजीवनी पॉलिसी: मधुमेहाच्या पायासाठी किती कामाची?

मधुमेह जुना, त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला, चार पावलं चाललं की पोटरी भरून येते. अशा माणसाने 'आरोग्य संजीवनी' ही आरोग्य विम्याची पॉलिसी घ्यावी का? घ्यावी. पण साखर तपासायच्या पट्ट्या आणि इन्सुलिनच्या सुया त्यातून सुटतील या आशेवर नको. १ एप्रिल २०२० पासून आलेली ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे एकाच मजकुराची आहे. कंपनीगणिक बदलतो तो हप्ता आणि क्लेम हाताळायची पद्धत.

दिवसातून दोनदा साखर बघणाऱ्याला वर्षाला ७३० पट्ट्या लागतात, म्हणजे ५० च्या १५ डब्या. हा खर्च पूर्ण खिशातून, कारण ओपीडी यात नाहीच. दवाखान्यात दाखल असतानाही वेगळी गंमत आहे. विमा नियामकाच्या यादीत ग्लुकोमीटर आणि पट्ट्या 'उपचाराच्या खर्चात धरलेल्या' वस्तूंमध्ये बसतात. बिलात त्यांची स्वतंत्र ओळ दिसली की कंपनी ती कापते. अंतिम बिल निघायच्या आधीच बिलिंग काउंटरला हे सांगून ठेवा, नंतर कोणी बिल बदलून देत नाही.

डायबेटिक चप्पल तर नाव घेऊन न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत टाकली आहे. क्रेप बँडेजही तिथेच. आणि तपशील न लिहिलेलं कुठलंही 'किट'. पायाच्या जखमेच्या बिलात नेमकं हेच घडतं: 'ड्रेसिंग किट' अशी एक ओळ आणि समोर आकडा, की गेली ती रक्कम. त्याऐवजी सलाईन, मलम असं नाव, नग आणि दर लिहून घ्या. (चपलेचा विषय निघालाच आहे तर: बधिर पायाला कोल्हापुरी नको. कडक तळ आणि अंगठ्याचा पट्टा घासून फोड आला तरी कळत नाही. मऊ रबराचा (एमसीआर) तळ आणि मागे पट्टा असलेली घ्या, पैसे आपलेच.)

सगळ्यात मोठा फटका मात्र खोलीचा. खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के आणि तेही दिवसाला कमाल ५,००० रुपये. २ लाखांच्या पॉलिसीला म्हणजे ४,०००. समजा ६,००० ची खोली घेतली, ५ दिवस राहिलात, पायाच्या धमनीची अँजिओप्लास्टी झाली. भाडं ३०,०००, डॉक्टर व ऑपरेशन थिएटर ९०,०००, औषधं व स्टेंट ७०,०००. एकूण १,९०,०००. ४,००० ची मर्यादा ६,००० च्या दोन तृतीयांश भरते म्हणून भाड्याचे २०,००० आणि डॉक्टर-थिएटरचेही ६०,०००च धरले जातात. औषधं आणि स्टेंटला ही कात्री लागत नाही. होतात १,५०,०००, त्यातून ५ टक्के को-पे (आपण भरायचा वाटा) वजा, हाती १,४२,५००. घरातून गेले ४७,५००. तेच दर ठेवून ४,००० ची खोली घेतली असती तर घरातून फक्त ९,००० गेले असते.

घरी घ्यायच्या इन्सुलिनचे पैसे मिळायची मुख्य खिडकी आहे: डिस्चार्जनंतरचे ६० दिवस. त्याच आजाराची औषधं आणि ड्रेसिंग यात बसतात. डिस्चार्ज कार्डवर इन्सुलिनचं नाव आणि युनिट लिहिलेलं हवं. नुसतं 'पूर्वीचीच औषधं चालू ठेवा' असेल तर क्लेम अडतो. मेडिकलच्या बिलावर पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, बॅच नंबर पाहिजे, कच्ची पावती चालत नाही. डिस्चार्जनंतरचे हे उपचार संपल्यावर १५ दिवसांत कागद द्यायचे. मुख्य बिल आधी स्वतः भरून नंतर पैसे परत मागायचे (प्रतिपूर्ती) असतील तर डिस्चार्जपासून ३० दिवस. दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांतला डॉपलर (पायाच्या रक्तप्रवाहाची तपासणी) धरला जातो, म्हणून ती पावती जपा. मात्र नुसत्या तपासणीसाठी दाखल झालात तर काहीच नाही.

प्रपोजल फॉर्म भरताना एजंट 'पायाचं कशाला लिहिताय' म्हणाला तरी लिहा. आधीच्या आजाराची प्रतीक्षा (तोवर त्याचा क्लेम मिळत नाही) कमाल ३६ महिने आहे आणि त्यात मधुमेहाची थेट गुंतागुंतही येते, म्हणजे पायाची अँजिओप्लास्टी आलीच. क्लेम फिसकटतात ते केस पेपरवरच्या एका ओळीने: फॉर्मवर मधुमेह ४ वर्षांचा आणि दाखल करताना नातेवाईक सांगतात १२ वर्षांचा. ६० महिने सलग हप्ते भरल्यावर लपवाछपवीचं कारण कंपनीला पुढे करता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतं. केस पेपरवर नुसतं 'अल्सर' (जखम) असंही लिहू देऊ नका. शिरांचा म्हणजे व्हेरिकोज अल्सर असेल तर त्याला वेगळी २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे, धमनीचा किंवा मधुमेहाचा असेल तर डॉक्टरांकडून तसं स्पष्ट लिहून घ्या.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी, एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आपल्या भागाचे विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी). कोल्हापूर पुण्याच्या लोकपालांच्या हद्दीत येतं, फी नाही, वकील लागत नाही.

घरात कोणी सत्तरी गाठलेलं असेल तर हप्त्याचा विचार करण्याआधी सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ५ लाखांचं संरक्षण, उत्पन्नाची अट नाही, जुन्या आजाराला पहिल्या दिवसापासून. डिस्चार्जनंतरची औषधं तिथे १५ दिवसांचीच, आणि पट्ट्या तिथेही नाहीत.