एलसीडी कीपॅड शील्ड: आठ महिने रोज चालवल्यानंतर

आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवर थेट बसणारं, सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा डिस्प्ले आणि बटणं असलेलं हे शील्ड (वर बसवायचा जोडबोर्ड) मी आठ महिन्यांपासून अंडी उबवणीच्या पेटीवर वापरतोय. वरच्या ओळीत तापमान, खाली कितवा दिवस आणि ट्रे फिरायला किती मिनिटं उरली ते. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस लागतात, म्हणजे एकदा चालू केलं की तीन आठवडे हे बंद करता येत नाही. अशा सहा बॅच पार पडल्या. शील्ड मला आवडलंय, पण दोन गोष्टी कळायला फार वेळ गेला. त्या आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं.

पहिल्यांदा लावल्यावर वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन दिसले तर डिस्प्ले परत पाठवू नका. त्याचा अर्थ वीज पोचली आहे, पण डिस्प्लेला सुरुवातीच्या सूचना मिळालेल्या नाहीत. डिस्प्लेच्या लायब्ररीतल्या (तयार कोडमधल्या) उदाहरणांत पिन वेगळ्या असतात. या शील्डवर डिस्प्लेचे नियंत्रण सिग्नल आरएस ८ वर, इनेबल ९ वर आणि डेटा ४ ते ७ वर. एवढं बदललं की अक्षरं उमटतात. तरीही कोरंच दिसलं तर कोपऱ्यातला कॉन्ट्रास्टचा निळा प्रीसेट (फिरवायचा छोटा रेझिस्टर) बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवा.

आता पहिली गोष्ट, बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा. तो पिन १० वर आहे आणि इथे खरा धोका आहे. बऱ्याच शील्डवर ही पिन ट्रान्झिस्टरच्या बेसला सरळ जोडलेली असते, मधे रेझिस्टरच नसतो. माझं तसंच निघालं. मी पिन आउटपुट करून हाय (५ व्होल्ट) दिली, दिवा लागला, सगळं ठीक वाटलं. सहज मीटर लावला, तर ५ व्होल्ट दिसायला हवे तिथे एका व्होल्टच्या आसपास! पिनमधून बेसवाटे करंट सरळ ग्राउंडला जात होता. उनोच्या चिपची एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, तीही सतत ओढण्यासाठी नाही. तपासणी सोपी आहे: शील्ड काढा, मीटर ओहमवर ठेवा आणि पिन १० ते बेस मोजा. शून्याच्या जवळ आलं तर पिन कधीही हाय करू नका. दिवा लावायचा तेव्हा पिन इनपुट करा, शील्डवरचा पुलअप (५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) तो आपोआप लावतो. विझवायचा तेव्हा आधी लो (शून्य व्होल्ट) लिहा आणि मग आउटपुट करा. माझ्या प्रोग्रॅममध्ये आठ महिने हेच चाललंय.

प्रकाश कमी-जास्त करायचा विचार होता, तो सोडला. ट्रे फिरवायला सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) आहे, आणि उनोवर सर्वोची लायब्ररी घेतली की ९ आणि १० वरचं पीडब्ल्यूएम (पिन वेगाने चालू-बंद करून प्रकाश कमी-जास्त करायची सोय) बंद होतं.

दुसरी गोष्ट सप्लायची. दुसऱ्या बॅचला एका रात्री पेटीपाशी गेलो तर पडद्यावर तापमानाच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. छातीत धस्स झालं. हात आत घालून थर्मामीटर बघितला: ३७.५, अगदी बरोबर. हीटर चालू-बंद करणारा रिलेही वेळेवर टकटक करत होता. बिघडला होता तो फक्त डिस्प्ले. सर्वो फिरला की ५ व्होल्टची लाइन क्षणभर खाली यायची. डिस्प्लेला एक बाइट दोन तुकड्यांत जातो. त्यातला एक तुकडा हुकला की पुढचं सगळं अर्ध्या बाइटने सरकतं. शील्डवर आरडब्ल्यू (लिहायचं की वाचायचं ते ठरवणारी पिन) ग्राउंडला बांधलेली असल्याने डिस्प्लेकडून उलट काही वाचताही येत नाही, त्यामुळे प्रोग्रॅमला काही कळत नाही आणि तो बिनधास्त लिहीत राहतो. मी सर्वोला वेगळा ५ व्होल्ट सप्लाय दिला, ग्राउंड एकत्र ठेवलं, शील्डच्या ५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि प्रत्येक वेळी ट्रे फिरला की डिस्प्ले नव्याने सुरू करायची सूचना घातली. त्यानंतरच्या चार बॅचमध्ये पडदा एकदाही बिघडला नाही.

अडॅप्टर १२ व्होल्टचा लावू नका. बोर्डवरच्या रेग्युलेटरला उरलेले ७ व्होल्ट उष्णतेत घालवावे लागतात; १०० मिलिअँपिअरलासुद्धा ०.७ वॅट होतात, बंद डब्यात ते जाणवतात. मी ९ वर आलो.

पाचही बटणं एकट्या ए० या अ‍ॅनालॉग पिनवर आहेत, वेगवेगळ्या रेझिस्टरमधून. प्रत्येक बटणाला ए० वर येणारे इंटरनेटवरचे आकडे तसेच उचलू नका, आपल्या शील्डचे सिरियल मॉनिटरवर (संगणकावरच्या खिडकीत) वाचून दोन आकड्यांच्या मधली मर्यादा ठरवा. सिलेक्टचं बटण सहाव्या महिन्यात थोडं घट्ट झालंय, बाकीची छान आहेत.

एसडी कार्ड किंवा इथरनेट लागणार असेल तर मात्र हे शील्ड घेऊ नका. ते ज्या एसपीआय जोडणीने बोलतात तिला पिन १० लागते, त्यांच्या शील्डवर कार्ड निवडायची पिन बहुतेकदा ४ असते, आणि दोन्ही पिन इथे गुंतलेल्या आहेत. तिथे मागे आयटूसी जोडणीचा छोटा बोर्ड लावलेला साधा डिस्प्ले घ्या. दोन सिग्नल तारांत काम होतं. बटणं तेवढी वेगळी जोडावी लागतील.