क्रॉफर्ड मार्केटजवळची क्राफ्टची दुकानं: मुलांसोबत पपेट बनवायचे असतील तर इथेच जा

गोष्ट सांगताना हातात घालायचे पपेट घरीच बनवायचे असतील तर मॉलमधला रेडीमेड किट घेऊ नका, सरळ अब्दुल रहमान स्ट्रीट गाठा. किटमध्ये सगळं आधीच कापून दिलेलं असतं, वाघ म्हणजे वाघच, मुलांना काम काय तर फक्त चिकटवायचं. इथे सगळं सुटं मिळतं, फेल्ट (न विणलेलं मऊ कापड), लोकर, पॉमपॉम, आइस्क्रीमच्या काड्या, लेस, आणि मूल सोबत असेल तर रंग तेच निवडतं. आमच्या चार वर्षांच्या बाईंनी कावळ्यासाठी जांभळा फेल्ट उचलला, मी अजिबात अडवलं नाही.

फेल्ट मात्र हातात घेऊन बघा. पातळ असला की पांढरा गम आरपार येतो आणि वाळल्यावर तिथे कडक डाग पडतो, त्यामुळे जाडच मागा किंवा सरळ सुईदोऱ्याने टाके घाला. हलणारे प्लास्टिकचे डोळे खूप गोड दिसतात पण घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर नकोच, सुटले की थेट तोंडात जातात, मार्करने काढलेले डोळे पुरतात.

बाकी पपेटसाठी घरातला जुना मोजा बेस्ट. पुठ्ठ्याचा लंबगोल तुकडा मधोमध दुमडून मोज्याच्या टोकात आतून चिकटवला की तोंड मस्त उघडतं मिटतं, आणि लहान हाताला हे जमतं. दुकानांत दोऱ्यांच्या बाहुल्याही दिसतील, पण या वयात त्या नको, दोऱ्या गुंततात आणि रडारड होते. कळसूत्री बघायची तर कोकणात जाताना कुडाळजवळ पिंगुळीला थांबा, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्याच कलेसाठी पद्मश्री मिळाली, मुलांना नक्की दाखवावं असं काम आहे.

आणि रिझल्ट म्हणाल तर, पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी आमची पोरगी मोजा हातात आला की थांबतच नाही. मी कावळा होऊन म्हटलं, "चिऊताई चिऊताई दार उघड", तर चिमणी म्हणते, "थांब, माझी मीटिंग चालू आहे, मग बाळाला न्हाऊ घालायचंय." हे तिचं तिने जोडलेलं, मी शिकवलेलं नाही.

गर्दी भयंकर असते, मुलाला घेऊन जायचं तर वीकडेला सकाळीच जा, रविवारी बरीच दुकानं बंद असतात. मस्जिद स्टेशनवरून चालत जाता येतं. काही दुकानदार पूर्ण पॅकेटच घ्या म्हणतात, मग पुढच्या दुकानात विचारायचं, सुटं देणारे भेटतात.